बोटॉक्स, फिलर, स्किन बूस्टर: चेहऱ्यातली ही इंजेक्शनं एकमेकांपासून वेगळी कशी?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे की वय चाळिशीच्या पुढे-मागे, भुवयांच्या मध्ये उभ्या आठ्या, नाकाच्या बाजूने ओठांपर्यंत आलेल्या घड्या, डोळ्यांखाली खड्डे, आणि रात्री नीट झोप झालेली असली तरी लोक विचारतात "बरं नाहीये का?" एका डॉक्टरांनी बोटॉक्स सांगितलं, दुसऱ्यांनी फिलर, तिसरीकडे म्हणाले हे दोन्ही सोडा, स्किन बूस्टर घ्या. मग बरोबर कोण आणि या सगळ्यात फरक काय.

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, ही इंजेक्शनं देणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

आधी हे सांगते की तिघंही बरोबर असू शकतात. एकाने तुमच्या आठ्या बघितल्या, दुसऱ्याने खड्डे बघितले आणि तिसऱ्याने कातडी बघितली. गोंधळ होतो तो पेशंट "मला बोटॉक्स करायचंय" असं ठरवूनच येतो आणि बोट मात्र गालावरच्या खड्ड्याकडे दाखवतो तेव्हा. बोटॉक्सने खड्डा भरत नाही आणि फिलर घातलं म्हणून कपाळाला आठ्या घालायची सवय जात नाही. म्हणून इंजेक्शनचं नाव राहू दे बाजूला, आधी ती रेष पडलीये कशामुळे ते बघा. स्नायू सारखा आवळला जातोय म्हणून, का खालचा भराव कमी झालाय म्हणून, का कातडीच पातळ आणि कोरडी झालीये म्हणून, का नको तिथे चरबी साठलीये म्हणून. चारही कारणं एकाच चेहऱ्यावर असू शकतात, किंबहुना चाळिशीनंतर बहुतेक वेळा असतातच.

हे घरी आरशात बघता येतं. खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून बसा, चेहरा सैल सोडा, मग मुद्दाम रागावल्यासारख्या भुवया जवळ आणा आणि परत सोडा. जी रेष आवळल्यावर उमटते आणि सोडल्यावर पुसली जाते ती निव्वळ स्नायूची. सोडल्यावरही जी राहते ती कातडीत बसलेली आहे, आता दोन बोटांनी दोन्हीकडून हलकं ताणून बघा, ताणल्यावर गेली तर बरंच काही करता येईल, ताणूनही चरा दिसतोच तर एका इंजेक्शनात ती जाईल असं जो सांगेल त्याच्याकडे जरा सावधपणे बघा. मग उताणं झोपा आणि आरसा चेहऱ्यावर धरा. नाकापासून ओठापर्यंतची घडी झोपल्यावर एकदम निम्मी झाली ना? म्हणजे तिथे स्नायूचा दोष नाही, वरचा गाल खाली सरकलाय आणि त्याचं ओझं त्या घडीवर आलंय. एवढं बघून डॉक्टरकडे गेलात तर समोरचा काय सुचवतोय आणि का, ते तुम्हाला लगेच कळेल.

आता बोटॉक्स. हे एका ब्रँडचं नाव आहे, औषध आहे बोट्युलिनम टॉक्सिन टाइप ए. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूपासून मिळणारं विष, हो, तेच जे खराब डबाबंद अन्नातून माणसाला लुळं पाडू शकतं, फक्त इथे अगदी सूक्ष्म डोस एका ठरलेल्या स्नायूत जातो. नसेचं टोक स्नायूला ॲसिटिलकोलीन सोडून "आवळ" असा निरोप देतं, तो निरोप बाहेर पडायला स्नॅप-२५ नावाचं एक प्रोटीन लागतं, हे औषध नेमकं तेच प्रोटीन कापतं. नस मरत नाही, स्नायू मरत नाही, निरोप पोचत नाही इतकंच. हळूहळू नसेची ती यंत्रणा परत उभी राहते म्हणून तीन ते चार महिन्यांत असर उतरतो. घेतल्या घेतल्या काहीच दिसत नाही, तीन-चार दिवसांनी जाणवायला लागतं आणि पूर्ण असर कळायला दोन आठवडे जातात, त्यामुळे पाचव्या दिवशी "एका बाजूला कमी झालंय" म्हणून घाबरून जाऊ नका, चौदा दिवस थांबा मग दाखवा.

हे औषध सौंदर्यासाठी आलंच नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोचे डोळ्यांचे डॉक्टर ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणासाठी ते वापरात आणलं आणि अमेरिकेत औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, म्हणजे एफडीएने, १९८९ मध्ये तिरळेपणा आणि पापण्यांचे आचके यासाठी मान्यता दिली. कॅनडात व्हँकुव्हरला जीन कॅरुथर्स डोळ्यांच्या डॉक्टर आणि त्यांचे पती ॲलिस्टर त्वचेचे, पापण्यांसाठी इंजेक्शन घेणाऱ्या पेशंटच्या भुवयांमधल्या आठ्या गेल्याचं त्यांच्या लक्षात आलं, १९९२ मध्ये त्यांनी त्यावर पेपर लिहिला आणि आठ्यांसाठी एफडीएची मान्यता मिळाली ती २००२ मध्ये. पुढे काखेतला अति घाम, जुनाट मायग्रेन यासाठीही ते मान्य झालं. हे सांगायचं कारण, बरेच जण याला "नवीन फॅड" समजतात, तर तसं नाही, चेहऱ्यातल्या इंजेक्शनांमध्ये सगळ्यात जास्त अभ्यास झालेलं बहुधा हेच.

ब्रँड अनेक आहेत, बोटॉक्स, डिस्पोर्ट, झिओमिन, जूव्हो, २०२२ मध्ये आलेलं डॅक्सिफाय जे जरा जास्त टिकतं. काम सगळ्यांचं एकच, पण युनिटं एकसारखी नाहीत हे पक्कं डोक्यात ठेवा. भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सचा मान्य डोस २० युनिट आहे आणि त्याच जागी डिस्पोर्टचा ५०. म्हणजे मैत्रिणीने २० घेतले आणि मला ५० दिले म्हणजे मला लुटलं, असं होत नाही, आधी ब्रँड विचारा. दुसरं, ही पावडर छोट्या बाटलीत येते आणि डॉक्टर त्यात सलाईन घालून पातळ करतात. १०० युनिटांत अडीच मिली घातलं तर ०.१ मिलीत ४ युनिट बसतात, जास्त सलाईन घातलं तर तेवढ्याच पाण्यात औषध कमी. म्हणून "अर्धा मिली बोटॉक्स दिलं" या वाक्याला काही अर्थ नाही, युनिट किती ते विचारायचं.

कपाळाबद्दल जरा थांबून सांगते कारण सगळ्यात जास्त नाराजी इथेच होते. कपाळावर आडव्या रेषा पाडणारा जो स्नायू आहे ना, तोच भुवया वर उचलून धरतो, आणि ते काम करणारा दुसरा स्नायू नाहीच. काही लोकांच्या पापण्या मुळातच जड असतात आणि ते दिवसभर नकळत कपाळ उचलून डोळे उघडे ठेवत असतात, आडव्या रेषा त्यामुळेच पडलेल्या असतात. अशा माणसाचं कपाळ गुळगुळीत करायच्या नादात भरपूर टॉक्सिन मारलं की भुवया खाली बसतात, डोळे बारीक दिसतात आणि दोन-तीन महिने "काहीतरी जड जड वाटतंय" चालू राहतं. त्यामुळे चांगला डॉक्टर आधी तुम्हाला डोळे मिटून मग हळूच उघडायला सांगेल आणि भुवया किती हलतात ते बघेल. आणि कपाळाचं एकटं न करता भुवयांमधल्या खाली ओढणाऱ्या स्नायूंना पण थोडं देईल, म्हणजे तोल राहतो. कधीकधी मी सरळ सांगते की कपाळाच्या रेषा राहू द्या, त्या काम करतायत.

पुतळ्यासारखा चेहरा होतो का? डोस जास्त झाला किंवा सगळीकडे सरसकट मारलं तर होतो, तो औषधाचा गुण नाही, हाताचा आहे. खरी गुंतागुंत म्हणजे पापणी खाली येणं, औषध जरा पसरून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत गेलं की होतं, दिसायला भयंकर वाटतं पण काही आठवड्यांत आपोआप सुटतं, मधल्या काळात डोळ्यात घालायचे थेंब मिळतात. मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा नस-स्नायूंचा आजार असेल तर हे घ्यायचं नाही, गरोदरपणात आणि बाळाला अंगावर पाजत असताना पण नाही, गायीच्या दुधातल्या प्रोटीनची ॲलर्जी असेल तर डिस्पोर्ट नाही. आणि दर महिन्याला थोडं थोडं टचअप घेत राहू नका, वारंवार दिल्याने शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करू शकतं, मग औषध लागूच पडत नाही. किमान तीन महिन्यांचं अंतर ठेवा.

चावायचा स्नायू मोठा होऊन जबडा चौकोनी दिसतो, रात्री दात खाल्ले जातात, त्यासाठीही हेच टॉक्सिन वापरतात. फक्त एक आहे की तिथे फरक दिसायला महिना-दीड महिना जातो कारण स्नायू बारीक व्हावा लागतो.

आता फिलर, आणि इथे मी जास्त वेळ घेणार आहे कारण लोक बोटॉक्सला घाबरतात आणि फिलर हसत हसत घेतात, माझ्या मते हे अगदी उलटं आहे. टॉक्सिन बिघडलं तर बहुतेक वेळा वाट बघायची असते. फिलर बिघडलं तर कधीकधी वाट बघायला वेळच नसतो.

फिलर म्हणजे भराव, स्नायूशी त्याचा संबंध नाही. पूर्वी गायीच्या कोलॅजेनचे, म्हणजे कातडीला घट्टपणा देणाऱ्या प्रोटीनचे, फिलर असायचे, १९८१ मध्ये अमेरिकेत मान्य झालेले, ॲलर्जी येते का ते आधी हातावर टेस्ट करून बघावं लागायचं आणि काही महिन्यांत उतरायचे. आज सगळ्यात जास्त वापर हायल्युरॉनिक ॲसिडचा. हे आपल्या कातडीत मुळातच असतं, पाणी धरून ठेवतं, पण नुसतं टोचलं तर शरीर ते काही दिवसांत पचवून टाकतं. म्हणून त्याचे धागे रसायनाने एकमेकांत गुंतवतात आणि जेल बनवतात, हे जेल जागेनुसार आणि प्रकारानुसार साधारण सहा महिने ते दीड वर्ष टिकतं असं सांगितलं जातं. रेस्टिलेनला एफडीएची मान्यता २००३ च्या डिसेंबरमध्ये आली, जूव्हेडर्म २००६ मध्ये. "सांगितलं जातं" म्हंटलं कारण एमआरआय केल्यावर काही जणांच्या चेहऱ्यात वर्षानुवर्षांनी पण फिलर सापडलंय. त्यामुळे दरवर्षी डोळे झाकून तेवढंच परत भरायचं हे मला पटत नाही, आधी किती उरलंय ते बघावं, फुगलेले चेहरे अशा वार्षिक हप्त्यांतूनच तयार होतात.

एकाच कंपनीचे पाच-सहा फिलर का असतात तर जेलचा घट्टपणा वेगळा. गालाच्या हाडावर किंवा हनुवटीला आकार द्यायचा तर घट्ट जेल लागतं जे दाबलं तरी जागा सोडत नाही. ओठ सतत हलतात, तिथे मऊ. डोळ्याखाली तर अगदी कमी पाणी ओढणारं, नाहीतर सकाळी उठल्यावर पिशव्या. तिथली कातडी इतकी पातळ असते की जेल वरच्या थरात बसलं तर बाहेरून निळसर झाक दिसते, लोकांना वाटतं काळी वर्तुळं वाढली आणि ते परत फिलर मागतात. प्रत्येक डोळ्याखालच्या खड्ड्याला फिलर लागतच असं नाही. खड्डा खरा असेल तर लागेल, नुसता काळपटपणा असेल किंवा पिशव्या फुगल्या असतील तर फिलरने बिघडेल.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून सांगते, एक सिरिंज म्हणजे बहुतेक वेळा १ मिली, आणि औषधाचा छोटा चमचा ५ मिलीचा. म्हणजे एक सिरिंज ही त्या चमच्याचा पाचवा हिस्सा, आणि ती दोन्ही गालांत वाटायची. त्यामुळे "एकाच सिरिंजमध्ये गाल, ओठ, हनुवटी सगळं करून देतो" हे गणित बसत नाही. नाकापासूनची घडी सरळ भरायची का, यावर मतं वेगळी आहेत, मी तरी आधी गालाच्या वरच्या भागाला आधार देते, घडी आपोआप हलकी होते, मग उरलं तर थोडं. घडीतच भरत गेलं की तोंडाभोवती जाडपणा येतो आणि हसताना वेगळंच दिसतं.

हायल्युरॉनिक ॲसिडची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे ते विरघळवता येतं. हायल्युरोनिडेज नावाचं एन्झाइम टोचलं की काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत जेल वितळतं. मधमाशीच्या विषात पण हेच एन्झाइम असतं, त्यामुळे मधमाशी चावून जोरदार ॲलर्जी आलेली असेल तर डॉक्टरला आधीच सांगा. पहिल्यांदा फिलर घेणाऱ्याने हायल्युरॉनिक ॲसिडच घ्यावं असं माझं ठाम मत आहे, आणि कारण हे एवढंच, परत फिरायची वाट उघडी असते.

आता ती भीतीची गोष्ट. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं किंवा तिच्यावर दाब आला की पुढचा रक्तपुरवठा थांबतो. क्वचित होतं, पण भल्या भल्या अनुभवी हातांकडून पण होतं. सुरुवातीला त्या जागेची कातडी पांढरी पडते, मग जाळीसारखे जांभळट डाग उमटतात, आणि ते डाग टोचलेल्या जागेपुरते राहत नाहीत, त्या रक्तवाहिनीच्या वाटेने पसरतात, म्हणजे टोचलं ओठाच्या कोपऱ्यात आणि डाग नाकाच्या टोकावर. साधा काळानिळा मार आणि हे यात फरक कसा ओळखायचा तर बोटाने दाबा आणि सोडा. निरोगी कातडी दाबल्यावर पांढरी होते आणि साधारण दोन सेकंदांत परत गुलाबी होते, गडद रंगाच्या कातडीवर हे पटकन कळत नाही म्हणून दुसऱ्या बाजूच्या गालाशी ताडून बघायचं. रंग खूप सावकाश परत येत असेल, किंवा दुखणं वाढत चाललं असेल, तर "उद्या सकाळी फोन करू" हे चालणार नाही, त्याच मिनिटाला डॉक्टरला गाठायचं. दुखलंच नाही म्हणून निर्धास्त राहू नका, बऱ्याच फिलरमध्ये बधिर करणारं औषध मिसळलेलं असतं, ते सुरुवातीचं दुखणं झाकतं. उपाय म्हणजे भरपूर हायल्युरोनिडेज, गरज पडली तर तासातासाने परत, गरम शेक, मसाज.

भुवयांच्या मध्ये, नाकावर आणि कपाळावर धोका सगळ्यात जास्त, कारण तिथल्या रक्तवाहिन्या डोळ्याला रक्त देणाऱ्या वाहिनीशी जोडलेल्या असतात. जोराने ढकललेलं जेल उलट्या दिशेने डोळ्यापर्यंत जाऊ शकतं आणि डोळ्याच्या पडद्याचं रक्त थांबलं तर तास-दीड तासातच कायमचं नुकसान व्हायला लागतं. अचानक दिसेनासं होणं, डोळ्यात असह्य कळ, बोलताना जीभ अडखळणं, असं काही झालं तर क्लिनिकमध्ये न बसता थेट मोठ्या हॉस्पिटलची इमर्जन्सी. म्हणूनच भुवयांमधल्या खोल आठीत फिलर भरायला मी सहसा तयार होत नाही, आधी टॉक्सिन देऊन बघते. आणि "ऑपरेशनशिवाय पाच मिनिटांत नाक सरळ" हे रीलमध्ये जेवढं सोपं दिसतं तेवढं सोपं नाहीये.

सुईऐवजी बोथट टोकाची बारीक नळी, म्हणजे कॅन्युला, वापरली की धोका कमी होतो, शून्य होत नाही. बिनसुईचं प्रेशर पेन मात्र कुणाकडूनही घेऊ नका, घरी तर अजिबातच नाही, जेल किती खोल जातंय यावर काहीच ताबा नसतो, एफडीएने २०२१ मध्ये यावर स्पष्ट इशारा दिलाय.

उशिरा येणारे त्रास पण असतात. महिन्यांनी गाठ येणं, किंवा ताप, दाताचं इन्फेक्शन, एखादी लस यानंतर फिलरची जागा अचानक सुजणं. बहुतेक वेळा उपचाराने बसतं. दाताचं मोठं काम असेल तर फिलरच्या आधी आणि नंतर दोन-दोन आठवडे अंतर ठेवा.

हायल्युरॉनिक ॲसिड सोडून दुसरे फिलर म्हणजे एक कॅल्शियम हायड्रॉक्सिअपटाइट, ब्रँड रेडिएस. हाडात असतो त्याच पदार्थाचे सूक्ष्म गोळे जेलमध्ये, जेल भरतं आणि गोळे आजूबाजूला कोलॅजेन बनवायला लावतात, वर्ष-दीड वर्ष टिकतं. घट्ट असतं म्हणून जबड्याची कड, गालाचं हाड यासाठी चांगलं, ओठात आणि डोळ्याखाली अजिबात नाही, गाठी होतात. एक्स-रे, सीटीमध्ये हे दिसतं, त्यामुळे पुढे कधी स्कॅन करायची वेळ आली तर रेडिओलॉजिस्टला सांगा, उगाच शोधाशोध नको. दुसरं पॉली-एल-लॅक्टिक ॲसिड, ब्रँड स्कल्प्ट्रा. याला मी फिलर म्हणतच नाही खरं तर, कारण टोचल्यावर जो भराव दिसतो तो पाण्याचा असतो, दोन-चार दिवसांत उतरतो आणि पेशंट म्हणतो पैसे वाया गेले. खरं काम पुढच्या महिन्यांत होतं, शरीर स्वतःचं कोलॅजेन बनवतं, दोन-तीन सिटिंग लागतात आणि असर दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून जास्त राहतो. २००४ मध्ये हे एचआयव्हीच्या पेशंटचे गाल बसतात त्यासाठी मान्य झालं होतं, सौंदर्यासाठी २००९ मध्ये. घरी मसाज करायला सांगतात, दिवसातून पाच वेळा पाच मिनिटं पाच दिवस, तो कंटाळा न करता करा. सगळा चेहराच बारीक होऊन ओढल्यासारखा दिसतोय अशांना हे छान.

या दोन्हींना विरघळवणारं एन्झाइम नाही. आणि पीएमएमए नावाचं एक आहे ते तर कायमचंच, त्याचे प्लास्टिकचे गोळे शरीर पचवतच नाही. चेहरा दर दहा वर्षांनी बदलतो, आत घातलेलं प्लास्टिक बदलत नाही. चेहऱ्याला आकार देण्यासाठी कुणी सिलिकॉनचं द्रव टोचतो म्हणाला तर तिथून उठून या.

स्किन बूस्टर हा प्रकार लोकांना सगळ्यात जास्त गोंधळात टाकतो कारण त्यातही हायल्युरॉनिक ॲसिडच असतं. मग फिलरपेक्षा वेगळं काय? धागे गुंतवलेले नसतात किंवा अगदी कमी, पातळ असतं, आकार देत नाही, वरच्या थरात पसरून कातडीत ओलावा आणतं. प्रोफिलो त्यातलं ओळखीचं नाव, चेहऱ्याच्या एकेका बाजूला पाच ठिकाणी टोचतात आणि महिन्याने परत. कातडी कोरडी, बारीक चुरगळलेली झाली असेल तर फरक जाणवतो. खड्डा भरणार नाही, लोंबलेलं उचललं जाणार नाही. पॉलिन्यूक्लिओटाइड म्हणजे लोक ज्याला सालमनचं इंजेक्शन म्हणतात, माशाच्या डीएनएचे शुद्ध केलेले तुकडे, डोळ्याखालच्या पातळ कातडीसाठी वापरतात, निकाल सौम्य असतो, अभ्यास अजून टॉक्सिन-फिलरइतके नाहीत. माशाची ॲलर्जी असेल तर सांगा. पीआरपीत तुमचंच रक्त काढून, फिरवून, प्लेटलेटवाला भाग परत टोचतात, ॲलर्जीचा प्रश्न नाही, पण रक्त कसं फिरवलं यावर बरंच अवलंबून, एका ठिकाणचं पीआरपी दुसऱ्यासारखं नसतं. कातडीच्या पोतासाठी ठीक आहे, "फेसलिफ्ट" वगैरे नाव लावून विकतात ते मनावर घेऊ नका. गोरं करणारं ग्लुटाथिओन सलाईनमधून देतात त्याचा या यादीशी काही संबंधच नाही, मी ते देत नाही.

चरबी विरघळवणारं इंजेक्शन म्हणजे डिऑक्सिकोलिक ॲसिड, आपल्याच पित्तात असतं, हनुवटीखालच्या चरबीसाठी एफडीएने २०१५ मध्ये मान्य केलं. ते चरबीची पेशी फोडतं, म्हणून तिथे परिणाम टिकतो, पण सूज भरपूर येते, आठवडाभर गळ्याखाली बेडकासारखं दिसेल आणि सिटिंग एकाहून जास्त लागतात. जबड्याच्या कडेने जाणाऱ्या नसेला लागलं तर हसू काही आठवडे तिरकं होतं. डबल चिन चरबीमुळे नसून सैल कातडीमुळे असेल तर याने आणखी सैल दिसेल.

मग तुमच्या चेहऱ्याचं काय? न बघता पक्कं सांगणार नाही, पण लिहिलंय त्यावरून माझा क्रम असा असता. आधी भुवयांमधल्या आठ्यांना टॉक्सिन, कारण "बरं नाहीये का" हा प्रश्न बहुतेक त्या आठ्यांमुळेच येतो, आणि दोन आठवडे थांबायचं. मग गालाच्या वरच्या भागाला थोडं हायल्युरॉनिक ॲसिड फिलर, गाल वर आला की डोळ्याखालचा खड्डा आणि ओठाकडची घडी दोन्ही अर्धी लढाई तिथेच हरतात. महिन्याने बघायचं, डोळ्याखाली तेव्हाही खरंच खड्डा उरला तर तिथे अगदी थोडं. कातडी कोरडी असेल तर बूस्टर त्यानंतर. सगळं एकाच दिवशी करून घेऊ नका, म्हणजे कशाने काय झालं ते तुम्हालाही कळेल आणि डॉक्टरलाही. आणि रोजचं सनस्क्रीन लावत नसाल तर वरचा सगळा खर्च पाण्यात घालवणं आहे.

जाण्याआधी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका, काळंनिळं झालेलं परवडतं. ओठावर हर्पिसचे फोड येत असतील तर ओठांच्या फिलरआधी त्यावरची गोळी घ्यावी लागते. लग्न-समारंभ असेल तर किमान तीन-चार आठवडे आधी करा.

डॉक्टरला विचारायचं ते असं: औषधाचं नाव काय, युनिट किंवा मिली किती, बाटली किंवा सिरिंज माझ्यासमोर उघडाल का, हायल्युरोनिडेज आत्ता इथे क्लिनिकमध्ये आहे का, आणि रात्री दोन वाजता काही झालं तर कुणाला फोन करू. शेवटच्या दोन प्रश्नांवर जो चिडेल किंवा हसण्यावारी नेईल तिथे फिलर घेऊ नका. नकली मालाची भीती खरी आहे, अमेरिकेत २०२४ मध्ये नकली किंवा नीट न हाताळलेल्या टॉक्सिनमुळे लोक हॉस्पिटलात दाखल झाले होते, आणि यातली बरीच इंजेक्शनं क्लिनिकबाहेर, घरी वगैरे दिलेली होती. सिरिंजच्या खोक्यात लॉट नंबरचे स्टिकर असतात, एक तुमच्या फाइलला आणि एक तुम्हाला, तो मागून घ्या आणि फोनमध्ये फोटो काढून ठेवा. चार वर्षांनी गालात गाठ लागली आणि तुम्ही दुसऱ्याच डॉक्टरसमोर बसलेल्या असाल तेव्हा "काहीतरी फिलर होतं" यावरून त्याला एन्झाइम द्यायचं का नाही हे ठरवता येत नाही, त्या स्टिकरवरून येतं.